नदीत मत्स्यबीज सोडण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरत आला की गावोगावी बंधाऱ्यांवर आणि घाटांवर मत्स्यबीज सोडण्याचे कार्यक्रम होतात, आणि त्याच सुमाराला माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. विचारणारे नाना प्रकारचे: मच्छीमार सोसायटीचे सचिव, मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी, हौसेनं गळ टाकणारे, नदीकाठच्या ग्रामपंचायतींचे सदस्य, सामाजिक निधी खर्च करायला निघालेल्या कंपन्यांची माणसं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मत्स्यबीज केंद्रात नेमकं काय करतात? जिरे, बोटुकली म्हणजे काय?

केंद्रात प्रजनक नर-मादी सांभाळतात, त्यांच्यापासून अंडी मिळवतात आणि पिल्लं थोडी मोठी करून विकतात किंवा सोडतात. अंड्यातून नुकतंच निघालेलं, जिऱ्याच्या दाण्याएवढं पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे. ५० मिलीमीटरच्या पुढे गेलं की ती बोटुकली, त्याच्या अलीकडची अर्धबोटुकली. रोहू-कटल्यासारखे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवून आणलं आणि सगळं बदललं. आता एका रात्रीत लाखो जिरे मिळतात. ही सोय इतकी मोठी होती की नदीसुद्धा तळ्यासारखी भरता येईल असं वाटू लागलं. पुढचे बहुतेक प्रश्न त्या समजुतीतून निघतात.

२. तळ्यात बीज सोडतो तसंच नदीत सोडायचं. त्यात वेगळं काय?

तळ्यात सोडलेला मासा आपण मोजून सोडतो आणि वर्षभरात काढून घेतो. चूक झाली तर तळं आटवता येतं. नदीत सोडलेला मासा वर-खाली जातो, ओढ्यांत शिरतो, तिथे आधीपासून राहणाऱ्यांबरोबर खातो-पितो, जमलं तर त्यांच्याशी जुगतो. तो परत बोलावता येत नाही. म्हणून तळ्याचा हिशेब उत्पादनाचा असतो आणि नदीचा हिशेब संपूर्ण पाणलोटाचा करावा लागतो. धरणाचा जलाशयही नदीतच मोडतो, हे अनेक जण विसरतात.

३. मासे सोडल्यानं नदीचं नुकसान कसं होईल? उलट मासे वाढतीलच ना?

वाढू शकतात. प्रश्न कोणते वाढले आणि कोणाच्या जागेवर वाढले हा आहे. धोके साधारण असे असतात. सोडलेली पिल्लं नदीतल्या त्याच वयाच्या पिल्लांपेक्षा बहुधा मोठी आणि धीट असतात. ती खाणं आणि आसरा बळकावतात, काही जातींत तर लहानांना सरळ खातात. केंद्रातल्या दाटीत जोपासलेले रोग नदीत उतरतात (प्रश्न १३). केंद्रातल्या माशांचं रक्त नदीतल्या माशांत मिसळतं (प्रश्न ८ आणि ९). आणि एक धोका माशांचा नाही, माणसांचा: बीज सोडल्यावर पकड वाढणार म्हणून जाळी वाढतात. जाळं केंद्रातला मासा आणि नदीतला मासा असा भेद करत नाही. नदीतले मूळचे मासे थोडे असतील तर ते सोडलेल्यांबरोबर भरडले जातात. या शेवटच्या गोष्टीकडे मला सगळ्यात जास्त दुर्लक्ष झालेलं दिसतं.

४. मासे सोडण्याआधी ‘धोक्याचं मूल्यांकन’ करा म्हणतात. म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

पहिलं काम कागदावरचं आहे, पण ते टाळता येत नाही. ज्या टप्प्यात मासे सोडायचे तिथे आणि त्याच्या वर-खाली आज कोणत्या जाती आहेत याची यादी करायची. ती भोई मंडळींना विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही. मग प्रत्येक जातीपुढे लिहायचं: हिच्यात किती घट झाली तर आपण चालवून घेऊ? मरळ भरपूर आहे, थोडी घटली तर चालेल. एखादी जात याच खोऱ्यात उरली असेल तर तिच्यापुढे शून्य लिहायचं. त्यानंतर सोडलेला मासा आणि ही जात एकाच वेळी, एकाच जागी, एकाच खाण्यावर येतात का हे पाहायचं. जिथे गाठ पडते तिथे धोका. तो किती संभवतो आणि झालाच तर किती खोल जाईल, या दोन्हींचा अंदाज वेगवेगळा करायचा.

ही पद्धत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मासेतज्ज्ञ पिअरसन्स आणि हॉपली यांनी १९९९ मध्ये मांडली. तिचा मला पटलेला भाग हा की ‘किती नुकसान चालेल’ हा आकडा मासे सोडण्याच्या आधी लिहून ठेवावा लागतो. नंतर लिहिला तर तो नेहमी झालेल्या नुकसानापेक्षा थोडा जास्तच निघतो.

५. खडशी तर आमच्याच नदीचा मासा. तो कुठेही सोडला तरी चांगलंच ना?

खडशी, म्हणजे निळ्या पराचा महाशीर, खरोखर आपला आहे. कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. त्यांनी इथल्या माशांना बोलीतलीच नावं लावली, म्हणून शास्त्राच्या पुस्तकांत आजही पोटैल, कोळस अशा मराठी नावांचे मासे भेटतात. खुद्री हे त्यांतलंच एक. आज शास्त्रात तो टॉर खुद्री.

मुळा-मुठेत, इंद्रायणीत, भीमेच्या वरच्या खोऱ्यात त्याच पाण्यातल्या प्रजनकांचं बीज सोडण्याचा विचार करता येतो, तोही अटींवर (प्रश्न ८, १५). पण ‘आपला’ हा शब्द नदीपुरता आहे, देशापुरता नाही. हाच मासा दुसऱ्या खोऱ्यात परका होतो, आणि परका म्हणून किती महाग पडू शकतो हे कावेरीत दिसलं.

६. कावेरीत काय झालं?

कावेरीत एक वेगळाच महाशीर राहतो: नारिंगी परांचा, डोक्यामागे पाठीवर ठळक उंचवटा असलेला. तो ५० किलोच्या पुढे वाढत असे. जगभरचे गळवाले या माशासाठी कर्नाटकात येत. गंमत अशी की इतका प्रसिद्ध मासा असूनही त्याला नेमकं शास्त्रीय नाव नव्हतं. सगळे त्याला नुसतं महाशीर म्हणत.

इकडे लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून खुद्रीचं कृत्रिम प्रजनन यशस्वी झालं. महाशीर देशभर घटत होता, म्हणून ही बोटुकली अनेक राज्यांत गेली आणि कावेरीतही सोडली गेली. हेतू महाशीर वाचवण्याचाच होता.

पुढची गोष्ट मूल्यांकन करणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. कावेरीकाठी गलिबोरे इथल्या शिबिरात गळवाल्यांनी धरलेल्या आणि परत सोडलेल्या प्रत्येक माशाची नोंद होत असे. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या वह्या संशोधकांनी तपासल्या. तासामागे धरलेल्या महाशीरांची संख्या वाढत होती आणि लहान मासे पुष्कळ मिळत होते. म्हणजे प्रजनन चांगलं चाललंय, संरक्षण फळाला आलंय, असं दिसत होतं. मग अ‍ॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी त्याच नोंदी निळ्या पराचे आणि नारिंगी पराचे अशा वेगळ्या केल्या. सगळी वाढ निळ्यांची होती. नारिंगी महाशीर कोसळला होता. त्याची लहान पिल्लं पकडीत येणंच थांबलं होतं, उरले होते ते म्हातारे, मोठे मासे. हे २०१५ मध्ये छापून आलं.

२०१८ मध्ये ठरलं की हा उंचवट्याचा महाशीर म्हणजे टॉर रेमादेवी. हे नाव आधीच केरळात कावेरीच्या पांबार या उपनदीतल्या माशाला दिलेलं होतं. त्याच वर्षी त्याची नोंद संकटातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. तमिळनाडूतल्या मोयार नदीत तो अजून तग धरून आहे.

सगळा दोष खुद्रीचा आहे असं मी म्हणणार नाही. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी हे सगळं कावेरीत होतंच. पण तीच संकटं झेलत खुद्री वाढला आणि रेमादेवी संपत गेला.

७. म्हणजे वळवणचं काम चुकीचं होतं का?

हा प्रश्न पुण्या-लोणावळ्याकडची मंडळी थोड्या रागानं विचारतात. राग मला समजतो, कारण त्या केंद्रात माणसांनी आयुष्यं घातली. डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांच्यासारख्यांनी महाशीरची अंडी हातानं काढून, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये उबवून जे तंत्र उभं केलं ते देशात इतरांनी शिकून घेतलं. खुद्री एकेकाळी लाल यादीत ‘संकटग्रस्त’ होता, आता तो ‘चिंता कमी’ या गटात आहे. खुद्रीसाठी हे काम मोलाचं ठरलं.

चूक बीज तयार करण्यात नव्हती. ते कोणत्या नदीत जातंय याची छाननी कोणीच केली नाही, देणाऱ्यानं नाही आणि मागणाऱ्यानंही नाही. तेव्हा कावेरीच्या महाशीरला नावच नव्हतं, त्यामुळे दोन जाती आहेत हे कागदावर कुठे दिसत नव्हतं. प्रश्न ४ मधली यादी भोयांना आणि गळवाल्यांना विचारून का करायची याचं हेच कारण. त्यांना पराचा रंग ठाऊक होता.

८. किती प्रजनक मासे वापरले तर बरं? आमच्या केंद्रात पाच-सहा जोड्यांतून भरपूर बीज निघतं.

अडचण तिथेच आहे. रोहूची एक मादी लाखांनी अंडी देते, त्यामुळे पाच जोड्यांतून अख्खा तालुका भरतो. पण त्या लाखो पिल्लांचे आई-बाप दहाच.

स्वीडनच्या नील्स रीमन आणि लिंडा लाइक्रे यांनी १९९१ मध्ये याचा हिशेब मांडला. समजा नदीत ज्यांचं रक्त पुढच्या पिढीत उतरतं असे २०० मासे आहेत आणि केंद्रात १०. पुढच्या पिढीतली निम्मी पिल्लं केंद्राची असतील, तर दोन्ही मिळून २१० होत नाहीत. त्यांच्या सूत्रानुसार नदीचा जनुकीय पाया सुमारे ३८ वर येतो. केंद्राची पिल्लं १०० पैकी ९० झाली तर तो १२ च्या आसपास उरतो. पाण्यात मासे दुप्पट दिसतात आणि वंशाचा पाया मात्र आक्रसतो. कार्यक्रम जितका यशस्वी, तितकं हे नुकसान मोठं.

त्याच उदाहरणात केंद्रात १० ऐवजी ५० प्रजनक वापरले तर निम्म्या वाट्याला पाया १६० राहतो. तेव्हा प्रजनक जास्त ठेवा, दरवर्षी नदीतून नवे घ्या, प्रत्येक मादीची सारखीच पिल्लं सोडा, आणि नदीच्या एकूण पिल्लांत केंद्राचा वाटा मर्यादित ठेवा. शेवटची अट पाळायची तर केंद्राची पिल्लं ओळखता आली पाहिजेत (प्रश्न १०).

९. केंद्रातला मासा नदीत कमकुवत पडतो असं म्हणतात. खरं आहे का?

ज्या माशांवर याचा नीट अभ्यास झाला आहे त्यांच्याबाबतीत खरं आहे. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या हूड नदीत स्टीलहेड ट्राउट या माशाच्या पिढ्यांचे आई-बाप जनुकीय चाचणीनं शोधले गेले. २००७ मध्ये हितोशी अराकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की केंद्रात काढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत पिल्लं देण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. हा आकडा स्टीलहेडचा आहे, तो उचलून रोहूला चिकटवू नये.

कारण मात्र सगळीकडे तेच. केंद्रात वेळेवर खाणं येतं, खंड्या आणि पाणमांजर नसतं, पूर नसतो. तिथे धीट, खादाड, दाटीत न घाबरणारी पिल्लं टिकतात. पुराच्या पाण्यात कपारीला चिकटून राहण्याचा गुण तिथे कोणी तपासत नाही. दोन-चार पिढ्या केंद्रातलेच प्रजनक वापरले की आपण नकळत केंद्राला साजेसा मासा घडवतो आणि तो नदीत सोडतो.

१०. नदीत धरलेला मासा केंद्रातला की मूळचा, कसं ओळखायचं?

डोळ्यांनी ओळखता येत नाही, खूण करूनच सोडावा लागतो. सामन (समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परतणारा मासा) आणि त्याच्याच कुळातल्या ट्राउटच्या शेपटीजवळ, पाठीवर एक लहानसा मांसल पर असतो. अमेरिकेत केंद्रातल्या पिल्लांचा तो कापतात, म्हणजे गळाला लागताच कळतं. आपल्या रोहू-कटल्याच्या कार्पकुळातल्या माशांना, महाशीरलासुद्धा, तो पर नसतोच. त्यामुळे ती युक्ती इथे उचलता येत नाही. आपल्यासाठी दोन वाटा आहेत. पिल्लांना ठरावीक रंगद्रव्याच्या पाण्यात ठेवलं की कानातल्या हाडावर कायमची रेघ उमटते, पण ती पाहायला मासा मारावा लागतो. दुसरी वाट म्हणजे प्रत्येक प्रजनकाच्या पराचा कणभर तुकडा मद्यार्कात जपून ठेवणं. पुढे नदीतल्या कोणत्याही माशाच्या पराच्या तुकड्यावरून त्याचे आई-बाप केंद्रातले होते का हे कळतं. तुकडे ठेवायला खर्च जवळजवळ नाही. चाचणीला पैसे आज नसले तरी तुकडे आज ठेवा.

११. केंद्रातले मासे किती टक्के चालतात याची मर्यादा कुठे ठरवली आहे का?

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर आहे. तिथे २००० मध्ये सामनच्या केंद्रांचं परीक्षण करायला शास्त्रज्ञांचा स्वतंत्र गट नेमला गेला. त्यानं केंद्रांचे दोन प्रकार पाडले. काही केंद्रं नदीपासून फटकून स्वतःचाच वंश चालवतात. त्यांचे मासे महत्त्वाच्या नदीत अंडी घालणाऱ्यांत ५ टक्क्यांपेक्षा कमी असावेत. काही केंद्रं दरवर्षी नदीतले प्रजनक घेऊन वंश एकच ठेवतात. त्यांच्यासाठी ३० टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण केंद्रातल्या प्रजनकांत नदीतल्यांचा वाटा पुरेसा हवा. हे आकडे सामनचे आहेत. आपण घ्यायचं ते त्यामागचं: नदीनं केंद्र घडवावं, केंद्रानं नदी घडवू नये.

१२. रोहू, कटला, मृगळ तर भारतीय मासे. ते कृष्णा-भीमेत सोडायला काय हरकत?

हे तिघे मुळात गंगेच्या बाजूचे. दख्खनच्या नद्यांत ते माणसानं आणले आणि आता इथल्या जलाशयांत रुळले आहेत. हजारो कुटुंबांची चूल त्यांच्यावर पेटते, आणि जिथे ते आधीच आहेत त्या मोठ्या जलाशयांत ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण नदी पुनर्भरणाच्या नावाखाली, जिथे ते अजून पोहोचले नाहीत अशा वरच्या ओढ्या-नद्यांत त्यांची बोटुकली सोडणं टाळावं. केंद्र सरकारचा नद्यांमध्ये बीज सोडण्याचा देशव्यापी कार्यक्रम ऑक्टोबर २०२१ मध्ये गंगेकाठी गढमुक्तेश्वरला सुरू झाला. गंगेत गंगेचाच रोहू, तिथल्याच प्रजनकांचा, हे समजण्यासारखं आहे. तेच बीज घाटमाथ्यावर आलं की प्रश्न ५ लागू होतो.

१३. रोगाचा धोका खरंच एवढा असतो? पिल्लं तर धडधाकट दिसतात.

नॉर्वेची गोष्ट सांगतो. १९७५ मध्ये स्वीडनहून केंद्रासाठी सामनची पिल्लं आणली गेली. त्यांच्या अंगावर अर्धा मिलीमीटरचा एक परजीवी होता, गायरोडॅक्टिलस. बाल्टिक समुद्राकडच्या माशांना त्याची सवय होती, त्यामुळे ते ठणठणीत दिसत होते. नॉर्वेच्या सामनला ती नव्हती. सुमारे ५० नद्यांत तो पसरला आणि तिथली सामनची पिल्लं जवळजवळ नाहीशी झाली. उपाय म्हणून अनेक नद्यांत विष घालून सगळे मासे मारावे लागले आणि नव्यानं सुरुवात करावी लागली.

धडधाकट दिसणं हा पुरावा नाही. दुसऱ्या खोऱ्यातून बीज किंवा प्रजनक आणू नका, आणलेच तर वेगळ्या टाकीत ठेवून तपासल्याशिवाय हलवू नका. केंद्राचं सांडपाणी थेट ओढ्यात सोडत असाल तर टाकीतला रोग आधीच नदीत आहे असं समजा.

१४. आम्ही नदीत काही सोडतच नाही. केंद्र आणि तळी आमच्या हद्दीत आहेत. तरी मूल्यांकन लागतं?

लागतं. हिमाचलात भाक्रा धरणाच्या गोविंदसागरात सिल्व्हर कार्प हा परदेशी मासा कोणी सोडला नव्हता. १९७१ च्या पुरात तो देवळीच्या मत्स्यक्षेत्रातून निसटला आणि जलाशयात जम बसवून पुढे तिथल्या पकडीतला मुख्य मासा झाला. कटला मागे पडला. तुमची तळी पूररेषेत आहेत का, सांडव्याला जाळी आहे का, जोराच्या पावसात ती टिकते का, हे पाहा. तिलापिया पाळणाऱ्यांनी तर नक्कीच. आफ्रिकन मांगूरवर २००० पासून बंदीच आहे, तेव्हा तो प्रश्नच नको.

१५. मग बीज सोडणं योग्य तरी कधी ठरतं?

सोडलं नाही तर जात संपेल अशी वेळ असते तेव्हा. अमेरिकेत आयडाहोच्या रेडफिश सरोवरात समुद्रातून परतणारे सॉकाय सामन १९९२ मध्ये मोजले तर एकच नर होता. त्या काळात जे थोडे मासे परतले त्यांना धरून केंद्रात वंश जगवला गेला. तसं केलं नसतं तर ती जात तिथून गेली असती. तिथे प्रश्न ९ मधलं नुकसान पत्करण्यासारखं होतं.

दुसरा प्रसंग: एखादी जात नदीच्या एका भागातून गेली आहे, ती का गेली ते कळलं आहे, ते कारण दूर झालं आहे, आणि मध्ये बंधारा असल्यानं ती आपणहून परत येऊ शकत नाही. तेव्हा त्याच खोऱ्यातलं बीज, काही वर्षांपुरतं. कधी थांबायचं ते वर्ष सुरुवातीलाच लिहून. यातली ‘कारण दूर झालं आहे’ ही अट बहुतेक प्रस्तावांत नसते. उन्हाळ्यात धरणातून पाणी येत नाही, शहराचं सांडपाणी थेट उतरतं, अशा नदीत बोटुकली सोडली तर फक्त छायाचित्र निघतं.

१६. बीज सोडणं थांबवलं तर नदी रिकामी होईल, अशी सोसायटीच्या सभासदांना भीती वाटते. काय सांगू?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याचं उदाहरण सांगा. तिथे मॅडिसन नदीत आणि तिच्या ओडेल ओढ्यात डिक व्हिन्सेंट या शासकीय जीवशास्त्रज्ञानं एका टप्प्यात ट्राउट सोडणं थांबवलं आणि जिथे सोडत नव्हते तिथे सुरू केलं. थांबवलं तिथे नदीत जन्मलेले मासे वाढले, सुरू केलं तिथे घटले. गळवाल्यांचा विरोध झाला, तरी १९७४ मध्ये मोंटानानं अशा नद्यांत बीज सोडणं बंद केलं. आज ते राज्य नदीत जन्मलेल्या ट्राउटसाठीच ओळखलं जातं. (त्या नदीतले तपकिरी आणि इंद्रधनुषी ट्राउट मुळात बाहेरून आणलेले. हेही सांगा, नाहीतर कोणीतरी सभेत काढेल.)

पण ज्या जलाशयात मासे अंडीच घालू शकत नाहीत, तिथे सोसायटीची भीती खरी आहे. तिथे एकदम थांबू नका. एक जलाशय सोडून दुसऱ्यात तीन वर्षं बंद करून पकड मोजा, मग ठरवा.

१७. घाटाच्या दोन्ही बाजूंना खडशीच आहे. मग पश्चिमेचं बीज पूर्वेला नेलं तर काय बिघडतं?

नेऊ नका. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातलं काळ नदीचं पाणी सावित्रीतून अरबी समुद्राला मिळतं, लोणावळ्याची इंद्रायणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. सह्याद्रीची एक कड मध्ये आहे, पण या पाण्यांतले मासे एकमेकांना भेटत नाहीत. नाव एक असलं तरी वंश वेगळा घडत गेलेला असू शकतो, आणि कावेरीत ‘नाव एकच’ या गृहीतानं काय केलं ते प्रश्न ६ मध्ये आहे. बीजाच्या पिशवीवर जातीच्या नावाबरोबर प्रजनकांच्या नदीचं नाव लिहिलेलं असावं, असा आग्रह धरा.

१८. आमच्या देवाच्या डोहातली खडशी कमी झाली आहे. भाविक बाहेरून बोटुकली आणून सोडायला तयार आहेत. सोडावी का?

भाविकांच्या मनातली कळकळ मी पाहिली आहे, म्हणून हे सांगायला जड जातं: सोडू नका. वाळणकोंडीला, देहू-आळंदीला महाशीर टिकला तो लोकांनी देवाचा म्हणून हात लावला नाही म्हणून. असे डोह म्हणजे त्या नदीचा मूळ वंश जिथे जपला गेला त्या जागा. नेमकं तिथेच बाहेरचं रक्त मिसळलं तर पुढे त्या नदीसाठी प्रजनक घ्यायला शुद्ध जागा उरत नाही. पैसा जमला असेल तर वरच्या बाजूचं सांडपाणी अडवायला, डोहाच्या वर-खाली एक-दोन किलोमीटर मासेमारी बंद ठेवणाऱ्या राखणदाराला आणि मे महिन्यात पाण्यातला प्राणवायू मोजायला वापरा. माशांना चुरमुरे आणि कणकेचे गोळे थोडे कमी घाला.

१९. आमच्या गावात पुढच्या महिन्यात बीज सोडण्याचा कार्यक्रम आहे. आयोजकांना काय विचारू?

बीज कोणत्या केंद्राचं, त्याचे प्रजनक कोणत्या नदीचे आणि किती? पिशवीत एकच जात आहे हे कोणी पाहिलं? सोडण्याआधी या टप्प्यातल्या माशांची यादी झाली का? दोन वर्षांनी मोजायला कोण येणार आणि त्याचे पैसे बाजूला ठेवलेत का? वरच्या बाजूचा, जिथे बीज सोडलं नाही असा टप्पाही मोजणार का? नाहीतर पाऊस चांगला झाल्यामुळे वाढलेले मासेही कार्यक्रमाच्या नावावर जमा होतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तर बीज परत पाठवायला सांगा, ते गावतळ्यात वाढवता येईल.

२०. चुकीचा मासा आमच्या नदीत आधीच सोडला गेला आहे. आता काही करता येतं का?

मोठ्या नदीतून जात पूर्ण काढता येत नाही. पण तीन-चार गोष्टी करता येतात. पुन्हा सोडणं ताबडतोब थांबवा. दरवर्षीच्या नव्या बीजाच्या जोरावरच तो टिकलेला असेल तर आपोआप ओसरेलही. त्या माशाची पकड वाढू द्या, त्याला आकाराची किंवा हंगामाची सवलत देऊ नका. वरच्या बाजूचे धबधबे आणि जुने बंधारे शोधा, कारण त्यांच्या वर तो मासा अजून गेला नसेल. तिथल्या मूळच्या माशांना जपणं आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि तिथे मत्स्यमार्ग (माशांना बंधारा चढून जाण्याची वाट) बांधायचा प्रस्ताव आला तर दोनदा विचार करा. मासा धरला की जातीप्रमाणे वेगळी नोंद करा, पराचा रंगसुद्धा लिहा. आणि काय सोडलं, कधी, कुठून आणलं, हे ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत आजच्या तारखेनं लिहून ठेवा, सोडणाऱ्याला वाईट वाटलं तरी.